दगडामावशींची लहान बाज

आमच्या आळीत असं एकही घर नाही, जिथं दगडामावशींच्या हातची बाज नाही. आमच्याकडंच दोन आहेत. एक सासऱ्यांच्या वेळची, तिचा दोर मावशींनी तीनदा बदललाय. दुसरी मळ्यात, तिच्यावर मी शेवंतीची फुलं निवडायला बसते. बाज सैल पडली की मावशींना हाक मारायची. त्या येणार, मधोमध मुठीनं दाबून बघणार, "पोट सुटलं गं हिचं," असं म्हणणार आणि तिथंच मांडी घालून दोर ताणायला बसणार.

पण बाळंतिणीच्या बाजेसाठी त्यांना कुणी बोलावत नाही. बाळाच्या पाळण्याला हात लावायलाही नाही. असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मी लग्न होऊन केडगावजवळच्या या गावात आले, तेव्हा मलाही कुणी सांगितलं नाही. माझ्या डोहाळजेवणाला बायका ओटी भरायला एकेक करून पुढं आल्या आणि मावशी दारातच उभ्या राहिल्या. मी त्यांना हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा पदर हळूच ओढला. तेवढ्यावरून मी समजले, आणि समजलं ते तसंच धरून बसले.

मावशींचं माहेर इनामगावच्या बाजूला, घोडनदीच्या काठी. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच दगावली, म्हणून ही तरी टिकावी असं म्हणत आईबापानं नाव दगडा ठेवलं. त्या टिकल्या. वडील बाजा विणायचे. पुढं त्यांना दिसेनासं झालं, तर ते बोटांनी चाचपून सांगायचे आणि ही पोर विणायची. बाईमाणसानं हे काम करायची रीत नव्हती, पण हिच्या विणीला नाव ठेवायला कुणाला जागा सापडली नाही. लग्न झालं हौशीराममामांशी. ते साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते. पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. मग मुलगी झाली, तिचं नाव बानू. ती तीन महिन्यांची झाली. तिला दम लागायचा. एके दिवशी बैलगाडीनं केडगावला आणि तिथून रेल्वेनं दौंडला न्यायला निघाले, ती वाटेतच गेली. त्याला आता चाळीस वर्षं होतील. नंतर मूल झालं नाही. मामाही सहा वर्षांमागं गेले.

मला एवढं माहीत होतं. गावाला माहीत होतं तेवढंच.

माझी मोनाली शिक्रापूरला असते. जावई इंद्रजीत तिथल्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात, भाड्याच्या दोन खोल्या आहेत. ती सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला आली, ती डोक्यात एक खाट घेऊनच. तिच्या शेजारी उत्तर प्रदेशातलं एक जोडपं राहतं, त्यांच्याकडं तिनं ती बघितली होती. आपल्या बेडला लावून ठेवायची छोटी खाट, तीन बाजूंना कठडा, चौथी बाजू बेडकडं उघडी. बाळ आपल्या हाताशी राहतं आणि झोपतं मात्र वेगळं.

"आपल्याजवळ घेऊन झोपलं की काय बिघडतं?" मी म्हणाले.

"आई, हे झोपेत फुटबॉल खेळतात. मी कशीबशी वाचते, बाळ कसं वाचेल?"

नववा महिना सरत आला, तेव्हा आम्ही दौंडला एका फर्निचरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "बेडची उंची किती?" मी हात पुढं करून म्हणाले, "तीन वीत आणि चार बोटं." तो हसला. "काकू, तुमची वीत कंपनीला कशी कळवू?" एक खाट बेडहून खाली बसत होती. एकीला चाकं होती, ती बोट लावलं तरी पळत होती. एकीला वर झालर, गाणी वाजवणारा पंखा, सगळं होतं, फक्त ती बेडहून वर जात होती. मोनाली म्हणाली, "हिच्यात बाळाला चढवायला शिडी मिळते का?" आम्ही हात हलवत परत आलो.

आणि दुसऱ्या दिवशी मोनाली मला न सांगता दगडामावशींकडं गेली. तिचं बालपण त्यांच्याच अंगणात गेलेलं. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला आणि म्हणाली, "आजी, अशी विणून दे." तिला कुणी पदर ओढून काही समजावलेलं नव्हतं. ते काम माझं होतं, आणि मी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी मावशी माप घ्यायला आल्या. टेप नाही, काही नाही. मोनालीच्या लग्नात आम्ही दिलेला बेड आणि आमच्या घरातला बेड एकाच मापाचे. दोराचा तुकडा जमिनीपासून गादीपर्यंत धरला, गाठ मारली. गादीच्या लांबीला धरला, दुसरी गाठ मारली. मग जायला निघाल्या आणि माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"अनिता, बाळाचं काम मला आजवर कुणी सांगितलं न्हाई गं."

मी "हो का," म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. साखर टाकली की नाही, तेही मला आठवेना.

मी रोज देवपूजा करते, संकष्टी धरते, गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते. मी अंगारेधुपारेवाली बाई नाही असं मी स्वतःला सांगत आले. पण पुढचे चार दिवस हात जोडून बसले की ती छोटी बाज डोळ्यांपुढं यायची. मी देवाला म्हणायचे, मोनालीचं मन तूच फिरव. देवानं काही फिरवलं नाही. मग मीच उठले.

मावशी अंगणात बसल्या होत्या. सुताराकडून बाभळीचे पाय तासून आणले होते, चौकट उभी होती. काथ्या नाही, सुती दोर घेतला होता आणि बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून दोनदा धुऊन वाळवला होता. अर्धी वीण झाली होती. इतकी बारीक वीण मी त्यांच्या हातची कधी पाहिली नव्हती.

मी म्हणाले, "मावशी, मोनालीच्या डॉक्टरीणबाईंनी दोराची बाज नको म्हणून सांगितलंय."

"का गं?"

"दोराचा बारीक भुसा उडतो. तो लेकराच्या छातीत जातो. त्यानं दम लागतो म्हणे."

दम हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, असं मी पुढं कितीतरी दिवस मनाला विचारत होते. खरं तर मला माहीत आहे. मी बानूचाच विचार करत गेले होते, म्हणून तो जिभेवर तयार होता.

मावशींचे हात थांबले. "समद्याच दोरानं, का काथ्याच्या?"

"सगळ्याच."

त्यांनी दोराचं टोक खाली ठेवलं. "बरं झालं बाई, आधी इचारलंस," म्हणाल्या.

घरी येऊन मोनालीला सांगितलं, मावशींचे हात दुखतात, त्यांना जमत नाही. ती हळहळली, त्यांच्यासाठी दुखण्याचं मलम घेऊन जाते म्हणाली. मी म्हणाले, मीच देईन. मलम फडताळात पडून राहिलं. इंद्रजीतरावांनी शिरूरहून एक लाकडी खाट आणली, ती बेडला कमी पडली म्हणून पायांखाली फळकुटं ठेवली, आणि काम भागलं.

दौंडच्या दवाखान्यात मोनालीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली, कोरा कागद आणि पेन ठेवला. मी डोकं टेकवून म्हणाले, माझं काही हिच्या कपाळी लिहू नकोस. म्हणजे तेव्हाच मला कळत होतं की लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

सातव्या दिवशी अपेक्षा आली. ही आमच्या गावची आशा सेविका, घरोघरी जाऊन बाळांची वजनं करते. तिनं बाळाला काट्याच्या झोळीत घातलं, वजन लिहिलं आणि सहज म्हणाली, "काकू, तुमच्या डॉक्टरांचं नाव काय हो?"

"का गं?"

"दगडाआजी रोज मला धरतात. दोराच्या बाजेनं लेकराला दम लागतो हे कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? आम्हाला ट्रेनिंगमध्ये असं काही शिकवलं नाही. त्यांनी घरातल्या दोन्ही बाजांचे दोर सोडून टाकले, खाली झोपतात. आळीतल्या सर्जेराव आप्पांनी विणायला दोर दिला होता, तोही परत केला. म्हणाल्या, तुमच्या घरात नातवंडं हायेत." अपेक्षानं झोळी घडी केली. "परवा मला म्हणतात, पोरी, चाळीस वर्सामागं बी असंच व्हत असंल का गं? बानूला मी बाजेवरच घेऊन निजायचे, तवा दोर नवा हुता."

मी बाळाचं दुपटं सारखं करत राहिले. ते आधीच सारखं होतं.

मोनाली म्हणाली, "कोणते डॉक्टर, आई?"

"अगं, त्या दौंडच्या..."

"माझ्या प्रत्येक तपासणीला आत मी होते. तू बाहेर बाकावर बसायचीस."

अपेक्षा पोरगी शहाणी, तिनं पिशवी उचलली आणि गेली. मोनालीची नजर माझ्यावरच होती.  मग मी सांगितलं. सासूबाईंनी पदर ओढला होता, तिथपासून. बोलताना मला वाटत होतं ती मध्येच म्हणेल, असू दे आई. ती म्हणाली नाही.

"जा," म्हणाली. "आत्ता जा."

मी गेले. मावशींच्या अंगणात दोराची वेटोळी पडली होती, दोन मोठ्या चौकटी भिंतीला लावलेल्या. त्या छोट्या बाजेची अर्धी वीण मात्र तशीच होती, ती त्यांच्यानं सोडवली गेली नव्हती. मला बघून त्या लगबगीनं उठल्या.

"कशी हाय पोर? दूध वढती का? नाक कुणावर गेलंय?"

"बरी आहे," मी म्हणाले. आणि मग काय बोलले, तर "मावशी, मी डॉक्टरांना परत विचारलं. तसं काही नसतं म्हणाल्या. माझीच ऐकण्यात चूक झाली."

घरून खरं सांगायला निघाले होते आणि दारात पोचून पुन्हा खोटं बोलले. तेही डॉक्टरांच्याच नावावर.

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला समजावायला. "मला बरं वाटावं म्हणून बोलतीस व्हय? पर मला आता समदं दिसाया लागलंय, अनिता. दोर नवा हुता. मी तो झटकला सुदिक न्हाई. सकाळच्या उन्हात भुसा उडताना दिसायचा आन् मी येडी म्हणायचे, कसं छान चमकतंय. ती खोकायची आन् मी तिला त्याच बाजेवर थोपटायचे."

 मी खाली बसले.

"मावशी, डॉक्टर काहीच म्हणाल्या नव्हत्या. आधीही नाही, आत्ताही नाही. ते मी माझ्या मनानं रचलं. तुमच्या हातची बाज मला बाळाला नको होती."

का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"हां," म्हणाल्या. मग, "तर तसं म्हणायचं हुतंस. मला काय ते नवं हाय? मी दारात उभी ऱ्हाते, ती काय मला पुढं यायला पाय न्हाईत म्हणून? ते मी सोसलं गं. हे दोराचं मला सोसंना झालं हुतं. पंधरा दिस झालं, घास गिळंना."

"माझं चुकलं."

"ते ऱ्हाऊ दे. मी आता कुठलं खरं धरू ते सांग. तवा म्हणलीस डॉक्टरीण नको म्हणाली. मघाशी म्हणलीस डॉक्टरीण चालंल म्हणाली. आता म्हणतीस डॉक्टरीणच न्हाई."

"देवाशपथ सांगते, मावशी."

"देवाला नको मधी घेऊ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि माझ्याजवळ दुसरं काही दाखवायला नव्हतं.

घरी आले. मोनालीनं सगळं ऐकून घेतलं आणि बाळाला शालीत गुंडाळायला लागली. कानांत कापूस घातला, टोपडं बांधलं.

"अगं, अजून बारा दिवस झाले नाहीत. बाळंतीण अशी उंबरा ओलांडून..."

"तू खोटं बोलून किती दिवस झाले? ते मोज आधी."

तिच्या मागं मी गेले. चार घरं टाकून अंगण, पण मी वाटेत दोनदा मागं वळून बघितलं, कुणी बघत नाही ना. मोनाली मावशींच्या पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसली.

"आजी, राहिलेली अर्धी विण. झाल्याशिवाय मी उठत नाही."

"अगं पोरी, वल्ली बाळंतीण तू, वारं लागंल! घरी जा."

"मग लवकर विण."

"मी न्हाई विणणार. लेकराला काय झालं म्हंजी?"

"काही होत नाही. मी तिची आई आहे, मीच तिला ठेवणार आहे तिच्यावर. आई, तू दोर धर."

मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. मी दोराचं टोक धरलं. बाळ कुरकुरलं आणि त्या एकदम सरसावून बसल्या, जणू त्या आवाजानंच त्यांना कामाला लावलं. खालून वर, वरून खाली, बोटं पळत होती. मध्येच मला ओरडल्या, "ताण धर की! फुलं निवडतीस का काय?" मोनाली हसली. मीही हसायला गेले, पण मला ते जमलं नाही.

दीडएक तासात बाज झाली. मावशींनी ती उलटी करून झटकली, पुन्हा झटकली, ओल्या फडक्यानं पुसली. पदरानं कोरडी केली. मोनालीनं घडी घातलेली चादर ताणून अंथरली आणि लेकीला उताणी ठेवली. बाळानं हात वर फेकले, तोंड वाकडं केलं आणि झोपून गेलं.

मावशी बाजेच्या एका अंगाला बसल्या, मी दुसऱ्या. दोघीही तिच्या छातीकडं बघत होतो. वर, खाली. वर, खाली. मावशींचे ओठ हलत होते, त्या श्वास मोजत असाव्यात. मी मनात दत्ताचं नाव घेत होते.

बराच वेळ गेला. मग मावशी हळूच म्हणाल्या, "बानू अशी न्हवती निजत. तिच्या छातीत घरघर हुती. जलमल्यापास्नं." त्या आता आठवून सांगत होत्या. "सुईण म्हणाली हुती, हिच्या छातीत पाणी हाय. नवा दोर तर संक्रांतीला आणला. ती घरघर त्याच्या आधीची."

"मग दोर कसा असेल, आजी?" मोनाली म्हणाली.

"न्हाई. दोर न्हाई." त्यांनी चौकटीवर हात ठेवला. "मी इसरले हुते गं. हिनं दोराचं सांगितलं आन् मी पार घरघर इसरले." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मोनाली तिथूनच सरकत जाऊन त्यांच्या खांद्याला टेकली. मी मात्र जागची हलले नाही. त्या रडण्यात माझं जाणं शोभलं नसतं.

तेवढ्यात बाळ शिंकलं.

एवढंसं शिंकणं, पण आम्ही दोघी एकदम पुढं झालो. मावशी दोराच्या भीतीनं पुढं झाल्या. मी कशाच्या भीतीनं झाले, ते माझ्या हातांवरून दिसलं असणार, कारण माझे दोन्ही हात बाळ आणि मावशी यांच्या मध्ये आडवे गेले होते. असे हात मी केले नाहीत, ते झाले. पण माझेच होते.

मावशींनी त्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं.  उठल्या आणि मला जागा व्हावी म्हणून दोन पावलं मागं सरकल्या. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप मागं जात होते.

"बसा, मावशी," मी म्हणाले. पण म्हणायला मला उशीर झाला. तेवढ्यात मोनालीनं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिलं होतं. माझ्या बोलण्याची कुणाला गरज उरली नव्हती.

ती बाज आता शिक्रापूरला आहे, बेडला अगदी बरोबर बसते म्हणे. मावशींनी सर्जेराव आप्पांचा दोर परत मागून घेतला. माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच बोलतात, मळ्यातली बाज सैल झाली की हाक मारायच्या आधीच येतात. दोर ताणायला टोक मी धरते. त्या ओरडल्या की बरं वाटतं. ज्या दिवशी ओरडत नाहीत, त्या दिवशी मी त्यांच्याकडं वर बघत नाही.